स्प्लिटर अडतो कुठे: तीन कप्प्यांची खिडकी पायसाइडमध्ये बांधताना

एका खिडकीचे दोन-तीन भाग पाडायचे आणि मधली रेघ माउसने सरकवता यावी, एवढीच अपेक्षा असते. क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणं बांधायची लायब्ररी; पायसाइड म्हणजे ती पायथॉनमधून वापरायची सोय) त्यासाठी क्यूस्प्लिटर हे तयार विजेट, म्हणजे खिडकीतला घटक, आहे आणि चार ओळींत ते पडद्यावर दिसतंही. त्रास नंतर सुरू होतो. रेघ एका जागी येऊन अडते. खिडकी मोठी केली की डावीकडची यादी फुगते आणि मजकुराला काहीच मिळत नाही. वापरणाऱ्याकडून एखादा कप्पा चुकून मिटतो आणि ‘प्रोग्रॅममधून यादी गेली’ अशी तक्रार येते.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी असतं: कप्प्याचं माप स्प्लिटर एकटा ठरवत नाही. आतलं विजेट कमीत कमी किती जागा मागतंय, वाढीव जागा कुणाला द्यायला सांगितलीय आणि आपण मापं कोणत्या क्षणी दिली, या तिन्हींच्या ओढाताणीतून ते ठरतं. हे लक्षात ठेवून बांधलं तर पुढची ठिगळं बरीच वाचतात.

उदाहरण म्हणून मुद्रितशोधनाचं साधन घेऊ. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकाचं स्कॅन आणि टंकलेला मजकूर शेजारी-शेजारी ठेवून तपासतात, तसंच काहीसं डेस्कटॉपवर. डावीकडे पानांची यादी, मध्ये पानाचं स्कॅन, उजवीकडे वर मजकूर आणि त्याखाली शोधकाचे शेरे. म्हणजे बाहेर एक आडवा स्प्लिटर, त्यात तीन पोरं, म्हणजे आतली विजेटं. तिसरं पोर म्हणजे दुसरा, उभा स्प्लिटर, त्यात दोन. इंग्रजीत अशा भागाला ‘पेन’ म्हणतात, पण ते ऐकलं की खिशातलं पेन आठवतं, म्हणून इथे कप्पा हाच शब्द वापरला आहे. फंक्शनांची नावं उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीप्रमाणे जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहायची.

आधी कागदावर

प्रत्येक कप्प्यासाठी चार गोष्टी लिहून काढा: सुरुवातीचं माप, किमान माप, खिडकी वाढली तर वाढायचं का, आणि पूर्ण मिटू द्यायचा का. आपल्या साधनासाठी:

यादी: १७० पिक्सेल, किमान १२०, वाढायचं नाही, मिटली तर चालेल.
स्कॅन: ४७०, किमान ३२०, वाढायचं, मिटू द्यायचं नाही.
मजकूर: ४०० रुंद, किमान ३००, वाढायचं, मिटू द्यायचं नाही.
शेरे: १२० उंच, किमान चार ओळी, वाढायचं नाही, मिटले तर चालतील.

आता किमान रुंदींची बेरीज करा: १२० + ३२० + ३०० = ७४०, वर दोन हँडलांचे (सरकवायच्या रेघांचे) थोडे पिक्सेल. ही बेरीज खिडकीची किमान रुंदी ठरवते, म्हणून ती सगळ्यात लहान पडद्याशी ताडून पाहावी. १३६६ × ७६८ चे लॅपटॉप अजून भरपूर आहेत. विंडोजमध्ये स्केलिंग १२५ टक्के असेल तर प्रोग्रॅमच्या वाट्याला येतात १०९२ × ६१४, आणि त्यातूनही टास्कबार व शीर्षकपट्टी वजा. क्यूटी ६ मध्ये सगळी मापं या स्केल झालेल्या पिक्सेलांतच मोजली जातात. विकसकाच्या मोठ्या मॉनिटरवर ऐटीत बसलेली १२०० × ७२० ची खिडकी इथे पडद्याबाहेर जाते. १०४० × ५२० ने सुरुवात करा.

सांगाडा

‘पिप इन्स्टॉल पायसाइड६’ एवढ्यावर काम भागतं. पुढचा क्रम असा.

प्रत्येक कप्प्यासाठी वेगळं क्यूविजेट बनवा, त्यात क्यूव्हीबॉक्सलेआउट, आणि लेआउटचे समास सेटकंटेंट्समार्जिन्सने चारही बाजूंनी ० करा. हे विसरलं की प्रत्येक कप्प्याभोवती दहाएक पिक्सेलची रिकामी चौकट राहते आणि हँडल उगाच जाड वाटतं.

क्यूस्प्लिटर आडवा बनवा. इथे ‘आडवा’ याचा अर्थ कप्पे आडव्या ओळीत. रेघ मात्र उभी दिसते. पहिल्या दिवशी सगळेच इथे फसतात. मग ॲडविजेटने यादी, स्कॅन आणि उभा स्प्लिटर त्याच क्रमाने घाला. स्प्लिटरला लेआउट देता येत नाही, सेटलेआउट चालत नाही. आत जातं ते फक्त विजेट. शेवटी मुख्य खिडकीच्या सेटसेंट्रलविजेटला बाहेरचा स्प्लिटर द्या.

एक पायसाइडची सवय: कप्पे आणि स्प्लिटर ‘सेल्फ’वर ठेवा. मापं बदलायला, स्थिती जतन करायला ते पुढे लागतातच.

रेघ का अडते

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट हीच. स्प्लिटर कोणत्याही कप्प्याला त्याच्या मिनिममसाइझहिंटपेक्षा (विजेट स्वतः मागतं त्या किमान मापापेक्षा) लहान करत नाही (पूर्ण मिटवणं वेगळं, ते पुढे येईल). हा हिंट कप्प्यातल्या लेआउटमधून येतो आणि लेआउटमधलं एकच हट्टी विजेट सगळ्या कप्प्याला रुंद धरून ठेवतं. उभ्या स्प्लिटरचंही तसंच: वर मजकूर ३०० वर खूश असला तरी खालच्या शेऱ्यांना ४५० हवे असतील तर सगळा उजवा भाग ४५० वर अडतो.

नेहमीचे हट्टी तीन.

पहिलं, फाइलचा पत्ता दाखवणारं क्यूलेबल. वर्डरॅप बंद असताना लेबल अख्ख्या मजकुराएवढी रुंदी किमान म्हणून मागतं. विकसकाच्या मशीनवर पत्ता छोटा असतो, वापरणाऱ्याकडे चार फोल्डर आत. उपाय: लेबलचं आडवं साइझपॉलिसी ‘इग्नोर्ड’ करा, दाखवायचा मजकूर क्यूफॉन्टमेट्रिक्सच्या एलायडेडटेक्स्टने मधून तोडा, पूर्ण पत्ता टूलटिपमध्ये ठेवा.

दुसरं, स्कॅनचं चित्र थेट क्यूलेबलमध्ये टाकणं. लेबलला पिक्समॅप (क्यूटीतलं चित्र) दिला की त्याचा किमान आकार चित्राएवढा होतो. ए-४ पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर ते २४८० × ३५०८ पिक्सेल भरतं. खिडकीच पडद्याबाहेर पळते. चित्र क्यूग्राफिक्सव्ह्यूमध्ये किंवा क्यूस्क्रोलएरियामध्ये ठेवा, त्यांची किमान मागणी अगदी थोडी असते.

तिसरं, कप्प्याच्या डोक्यावरची बटणांची रांग. इंग्रजीत ‘नेक्स्ट’, ‘सेव्ह’ अशी आखूड बटणं बसलेली असतात. मराठी भाषांतर आलं की ‘पुढील पान’, ‘जतन करा’, ‘मूळ प्रतीशी ताडा’ होतं आणि तीनशेत बसणारा कप्पा साडेचारशेवर अडतो. तिथे सुट्या क्यूपुशबटनांऐवजी क्यूटूलबार वापरावा. जागा कमी पडली की उरलेली बटणं तो टोकाच्या बाणामागे ढकलतो.

कोणतं विजेट अडतंय हे डोळ्यांनी शोधत बसू नका. कप्प्यावर फाइंडचिल्ड्रनने सगळी पोरं घेऊन प्रत्येकाचं नाव आणि मिनिममसाइझहिंटची रुंदी छापा, उतरत्या क्रमाने लावा. गुन्हेगार पहिल्या दोन ओळींत सापडतो.

कप्प्यावर स्वतः सेटमिनिममविड्थ दिली तर ती हिंटवर मात करते. म्हणजे १२० सांगितलं तर रेघ १२० पर्यंत येईल, पण आतला ऐवज कापला जाईल. म्हणून आधी हट्टी विजेटं नरम करा आणि मगच किमान माप लावा.

देवनागरीचं माप

किमान माप नुसतं पिक्सेलांत ठोकण्यापेक्षा फॉन्टवरून काढलेलं बरं, आणि इथे देवनागरीत एक फसगत होते. ‘अक्षरं गुणिले सरासरी रुंदी’ हा हिशेब आपल्याकडे चालत नाही. ‘क्षत्रिय’ या शब्दाची लांबी पायथॉन ८ सांगतो, कारण तो हलंत आणि वेलांटीही सुटी मोजतो; डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. म्हणून पुस्तकातली एक खरी, साधारण लांबीची ओळ घ्या आणि क्यूफॉन्टमेट्रिक्सच्या हॉरिझॉन्टलॲडव्हान्सने तिची रुंदी मोजा. त्यात स्क्रोलबारची रुंदी मिळवा, ते मजकुराच्या कप्प्याचं किमान.

उंचीचंही तसंच. शेऱ्यांच्या कप्प्याला ‘८० पिक्सेल’ म्हणून मोकळं होऊ नका. फॉन्ट बदलला की देवनागरीत ओळीची उंची बरीच बदलते. वर रफार-अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. लाइनस्पेसिंग (फॉन्टनुसार एका ओळीची उंची) गुणिले ४, अधिक चौकटीचे थोडे पिक्सेल, असं ठेवलं की चौथ्या ओळीचे उकार छाटले जात नाहीत.

वाढीव जागा कुणाची

सेटस्ट्रेचफॅक्टर(०, ०), (१, १), (२, १) अशा तीन ओळी बाहेरच्या स्प्लिटरला द्या. पहिला आकडा कप्प्याचा क्रमांक, ० पासून मोजलेला; दुसरा वाढीव जागेतला वाटा, म्हणजे स्ट्रेच. यादी जागच्या जागी राहते, खिडकी वाढली की स्कॅन आणि मजकूर वाढतात. आतल्या स्प्लिटरला (०, १) आणि (१, ०). काहीच दिलं नाही तर सगळे कप्पे आपापल्या आकाराच्या प्रमाणात फुगतात, आणि मोठ्या मॉनिटरवर पानांच्या यादीला फुकटची अर्धा वीत मिळते.

या ओळी ॲडविजेटच्या नंतरच हव्यात. तो क्रमांक अजून अस्तित्वातच नसेल तर सेटस्ट्रेचफॅक्टर मुकाट्याने काहीच करत नाही. सेटकोलॅप्सिबल निदान कन्सोलवर इशारा तरी छापतं.

स्ट्रेच म्हणजे सुरुवातीचं प्रमाण, असा समज मात्र सोडून द्या. १ आणि ३ दिलं म्हणून खिडकी उघडताच एकास तीन दिसेल असं नाही. क्यूटीच्या कागदपत्रांतही स्पष्ट लिहिलंय की हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, विजेटचा सुरुवातीचा आकारही त्यात धरला जातो. सुरुवातीचं प्रमाण सेटसाइझेसने द्यायचं.

सेटसाइझेस, आणि ते केव्हा

सेटसाइझेस([१७०, ४७०, ४००]) दिल्यावर स्प्लिटरची एकूण रुंदी बदलत नाही. बेरीज कमी-जास्त भरली तर फरक आकड्यांच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणून पुष्कळ जण थेट [१, ३] लिहितात, आणि तिथेच चुकतात: किमान मापापेक्षा लहान आकडा किमान मापाने बदलला जातो, म्हणजे १ आणि ३ दोन्ही गळून पडतात आणि उरतात दोन विजेटांची किमान मापं. प्रमाणच द्यायचं असेल तर मोठे आकडे द्या. अर्धं-अर्धं हवं तर [१००००, १००००]. शून्याचा अर्थ मात्र वेगळा: तो कप्पा मिटवा.

वेळेचा प्रश्नही इथलाच. कन्स्ट्रक्टरमध्ये स्प्लिटरला त्याचा खरा आकार मिळालेला नसतो. तुम्ही मापं देता, ती त्या वेळच्या चिमुकल्या रुंदीत कोंबली जातात, काही किमानावर आपटतात, आणि खिडकी दिसताना सगळं स्ट्रेचच्या हिशेबाने पुन्हा ताणलं जातं. ‘मापं दिली तरी वेगळंच दिसतं’ ही तक्रार बहुधा यातूनच येते. खात्रीचा मार्ग: आधी खिडकीचं रिसाइझ, आणि सेटसाइझेस पहिल्या शोइव्हेंटमध्ये (खिडकी पडद्यावर येताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये). ‘पहिल्यांदा’साठी एक बूलियन ठेवा, नाहीतर खिडकी टास्कबारवरून परत वर काढली की वापरणाऱ्याने लावलेली मापं पुसली जातील.

मिटलेला आणि लपवलेला

क्यूस्प्लिटरमध्ये सगळे कप्पे मुळातच मिटवता येतात. रेघ किमान मापाच्या बरीच पलीकडे ओढली की कप्पा फट्कन शून्यावर जातो. स्कॅन आणि मजकूर यांच्यासाठी हे बंद करा: सेटकोलॅप्सिबल(१, फॉल्स) आणि (२, फॉल्स). सगळ्यांचंच बंद करायचं तर सेटचिल्ड्रनकोलॅप्सिबल.

मिटलेला कप्पा आणि हाइडने लपवलेला कप्पा या दोन वेगळ्या अवस्था आहेत. हाइड केलं की त्याचं हँडलही जातं आणि जागा इतरांना मिळते. मिटवलं की क्यूटी आतून हाइड करत नाही, विजेट नुसतं दिसणाऱ्या भागाबाहेर सरकवतं, जेणेकरून हँडल पडद्यावर राहावं. परिणाम असा की मिटलेल्या कप्प्याला इझव्हिजिबल विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. मेनूत ‘पानांची यादी’ अशी टिक ठेवून ती फक्त शो-हाइडला जोडली, तर मिटलेली यादी त्या टिकने परत येत नाही आणि वापरणारा मेनूवर दोन-तीनदा टिचक्या मारून सोडून देतो.

म्हणून त्या टिकच्या मागे दोन्ही तपासा. साइझेस()मधला पहिला आकडा ० असेल तर आठवणीत ठेवलेली शेवटची रुंदी सेटसाइझेसने परत द्या. विजेट लपलेलं असेल तर शो. शेवटची रुंदी जपण्यासाठी स्प्लिटरमूव्हड सिग्नलवर पहिला आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तेव्हाच नोंदवा.

हँडल

हँडलची जाडी मुळात सिस्टिमच्या स्टाईलनुसार असते. सेटहँडलविड्थ(१) केलं तर रेघ केसासारखी दिसते, पण पकडायची जागा आजूबाजूच्या कप्प्यांवर थोडी पसरते, त्यामुळे ती पकडता येते. तरीही ५-६ पिक्सेल आणि मध्ये फिकट रंग हेच बरं. आपण काही सरकवू शकतो हे दिसलं तर पाहिजे.

डबल-क्लिकवर मूळ मापं परत, ही सोय लोक एकदा कळली की सोडत नाहीत. क्यूस्प्लिटरहँडलचा उपवर्ग करून माउसडबलक्लिकइव्हेंटमध्ये ते करा आणि क्यूस्प्लिटरच्या उपवर्गात क्रिएटहँडलमधून तो परत द्या. उपवर्ग न करता इव्हेंट फिल्टर लावत असाल तर लक्षात असू द्या: हँडल(०) नेहमी लपलेलं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या कप्प्यामधली रेघ म्हणजे हँडल(१).

ओढताना स्कॅन अडखळतं

वरच्या ए-४ पानाचं चित्र ३२ बिटांत सुमारे ३५ मेगाबाइट होतं. रिसाइझइव्हेंटमध्ये ते दर वेळी गुळगुळीत स्केल करत असाल तर रेघ माउसच्या मागे फरफटत येणार. ओढत असताना फास्टट्रान्सफॉर्मेशनने काम भागवा आणि क्यूटाइमर सिंगलशॉटवर १०० मिलिसेकंदांनी स्मूथट्रान्सफॉर्मेशन. प्रत्येक रिसाइझला टायमर पुन्हा सुरू करायचा, म्हणजे हात थांबल्यावरच महागडं काम होतं. सेटओपेकरिसाइझ(फॉल्स) हा शेवटचा उपाय. त्यात ओढताना नुसती छायारेघ हलते आणि सोडल्यावर कप्पे बदलतात. चालतं, पण स्कॅनची ओळ मजकुराशी जुळवत रेघ सरकवायची असेल तर आंधळं काम होतं.

मांडणी लक्षात ठेवणं

क्लोजइव्हेंटमध्ये क्यूसेटिंग्जमध्ये तीन गोष्टी लिहा: खिडकीचं सेव्हजॉमेट्री, बाहेरच्या स्प्लिटरचं सेव्हस्टेट, आतल्याचं सेव्हस्टेट. प्रत्येक स्प्लिटर आपापलंच जपतो. बाहेरच्याचं जतन केलं म्हणून आतलं येत नाही. उघडताना क्रम: आधी रिस्टोरजॉमेट्री, मग दोन्ही रिस्टोरस्टेट. रिस्टोरस्टेटने फॉल्स दिलं तरच शोइव्हेंटमधली सुरुवातीची मापं लावायची.

एक खोच इथे हमखास वेळ खाते. सेव्हस्टेटमध्ये फक्त मापं नसतात. हँडलची जाडी, दिशा, कप्पे मिटू द्यायचे का, ओपेकरिसाइझ हेही त्यात जातं. नव्या आवृत्तीत तुम्ही हँडल ६ पिक्सेलचं केलं, तुमच्या स्वच्छ मशीनवर ते दिसलं, पण जुन्या वापरणाऱ्यांकडे रिस्टोरस्टेटने जुनी जाडी परत आणली. हे गुणधर्म रिस्टोरस्टेटच्या नंतर लावा. आणि कप्प्यांची संख्या किंवा क्रम बदलला तर सेटिंगच्या किल्लीचं नावच बदला, ‘मांडणी१’चं ‘मांडणी२’. नाहीतर यादीची जुनी रुंदी भलत्याच कप्प्याला चिकटते.

माउसशिवाय

क्यूस्प्लिटरच्या हँडलला कीबोर्डने हलवायची सोय तयार मिळत नाही. दिवसभर टंकणाऱ्या माणसासाठी ती हवीच. एफ६ ने पुढच्या कप्प्यात फोकस, ही विंडोजमधली जुनी रीत आहे, तीच ठेवा. रेघ सरकवायला ऑल्ट-शिफ्ट आणि बाण. दर वेळी दाबलं की साइझेस() घ्यायचे, एका बाजूचे २४ पिक्सेल काढून दुसरीला द्यायचे, सेटसाइझेस. कंट्रोल-ऑल्टची जोडी टाळा. विंडोजमध्ये उजवा ऑल्ट काही कीबोर्ड मांडण्यांत कंट्रोल-ऑल्ट म्हणूनच पोहोचतो, आणि टंकताना रेघ उड्या मारायला लागते.

दुसऱ्या टूलकिटमध्ये असाल तर

जावाच्या स्विंगमधल्या जेस्प्लिटपेनमध्ये दोनच कप्पे मावतात. तीन हवे तर एकात एक. तिथे एफ६ आणि एफ८ कीबोर्डसाठी आधीपासून आहेत. सेटरिसाइझवेट मुळात ० असतं, म्हणजे वाढीव जागा सगळी उजव्या किंवा खालच्या कप्प्याला. आणि सेटडिव्हायडरलोकेशनला ०.३ असं प्रमाण खिडकी पडद्यावर येण्याआधी दिलं तर ते वाया जातं. वेळेचा तोच प्रश्न.

विंडोज फॉर्म्सच्या स्प्लिटकंटेनरमध्ये पॅनेल१मिनसाइझ न सांगता २५ असतं, ते लगेच वाढवा, आणि न वाढणारा कप्पा फिक्स्डपॅनेलने ठरवा. जीटीकेच्या पेन्डमध्येही दोनच पोरं. तिथे ‘रिसाइझ’ हा गुणधर्म वाढीव जागेचा आणि ‘श्रिंक’ किमान मापाखाली जाऊ द्यायचं का याचा. श्रिंक चालू राहिलं तर रेघ अडत नाही, पण बटणं अर्धी कापली जातात. टीके वापरत असाल तर टीटीकेचा पेन्डविंडो घ्या, ॲड करताना प्रत्येक कप्प्याला ‘वेट’ देता येतं.

सोडण्याआधी

स्केलिंग १२५ आणि १५० टक्क्यांवर, मराठी भाषांतर लावून, सगळ्यात लांब पत्त्याची फाइल उघडून तिन्ही रेघा दोन्ही टोकांपर्यंत ओढून बघा. मग सेटिंग्ज पुसून एकदा उघडा, आणि मागच्या आवृत्तीची सेटिंग्ज ठेवून एकदा. दुसऱ्या मॉनिटरवर खिडकी बंद करून तो मॉनिटर काढल्यावरही एकदा उघडून बघा. रिस्टोरजॉमेट्री खिडकीला दिसणाऱ्या पडद्यावर आणतं, पण नवा पडदा लहान असेल तर किमान रुंदींची ती ७४० ची बेरीज त्याच वेळी कसाला लागते.